अठ्ठाविसाव्या दिवसाची कसोटी: ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतील एका फिरत्या हृदयतपासणी सेवेविषयी

गेल्या दोन वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधील एका फिरत्या हृदयतपासणी पथकाबरोबर मी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे हलते चित्र घेणारी तपासणी, करणारी तंत्रज्ञ म्हणून सहा वेळा गेले. हे पथक तिथल्या मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेल्या एका आरोग्यसंस्थेचे आहे आणि दर तीन-चार महिन्यांनी एका दूरच्या वस्तीत ते आठवडाभर मुक्काम करते. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे आणि वस्तीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण काहीशे लोकांच्या वस्तीत कोणाच्या हृदयात काय बिघाड आहे हे दोन-चार ओळींवरूनही ओळखू येते, आणि तिथल्या बायकांनी माझ्यापाशी बोललेले त्यांच्या परवानगीच्या पलीकडे जाता कामा नये.

कसोटी आधीच सांगते. या सेवेकडे कोणते यंत्र आहे किंवा अहवाल किती वेळात मिळतो यावर मी तिचे मोजमाप करणार नाही. इंजेक्शन घेऊन गेलेली मुलगी अठ्ठाविसाव्या दिवशी आपण होऊन पुन्हा येते की नाही, एवढेच मी पाहिले.

ही कसोटी का, हे समजण्यासाठी आजार समजून घ्यावा लागेल. घशाला किंवा त्वचेला होणाऱ्या एका जिवाणूच्या, म्हणजे अ गटातील स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर काही मुलांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपांना, त्यातही डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला, इजा होते. हा संधिवाताचा ताप बहुधा पाच ते चौदा वर्षांच्या वयात येतो. तो पुन्हा पुन्हा आला की झडप कायमची जाड आणि ताठ होते, आणि त्यालाच ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात. दाटीवाटीची घरे, अपुरे पाणी, कपडे धुण्याची गैरसोय आणि वेळेवर न मिळणारे उपचार ही त्याची मुळे आहेत. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला, परंतु ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरील लोकांमध्ये तो अजून ठाण मांडून आहे. २०१८ साली मनिंग्रिडा या वस्तीत पाच ते वीस वर्षांच्या मुलामुलींचे इको केले गेले, तेव्हा सुमारे पाच टक्के जणांना हा आजार निघाला. वर्गात वीस मुले असतील तर त्यांतल्या एकाचे हृदय आजारी, असा त्याचा अर्थ आहे, आणि हे सिडनी-मेलबर्नसारख्या शहरांच्या देशात घडते आहे.

पुढचा ताप टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिनचे स्नायूत दिले जाणारे इंजेक्शन. ते दर अठ्ठावीस दिवसांनी द्यावे लागते, म्हणजे वर्षाला तेरा. काहींना ते किमान पाच वर्षे, काहींना दहा वर्षे आणि झडपेला मोठी इजा झालेल्यांना वयाच्या पस्तिशी-चाळिशीपर्यंत घ्यावे लागते. औषध दाट असते, सुई जाड लागते, ते सावकाश सोडावे लागते आणि ते दुखते. दहा वर्षांची मुलगी अशी एकशे तीस इंजेक्शने कोणाच्या हातून घेईल, हा प्रश्न औषधशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही. एकोणतिसाव्या दिवसापासून तिचे संरक्षण विरू लागते आणि पुढच्या तापाला वाट मोकळी होते.

‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा तो मला सौजन्याचा एक भारदस्त पर्याय वाटला होता. तसा तो नाही. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली आणि १९९२ साली तिथल्या परिचारिका परिषदेने ती शिक्षणक्रमात घेतली. तिचा गाभा असा की सेवा सुरक्षित होती की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याचा नाही. ज्याने ती घेतली त्याचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य-व्यावसायिक नियामक संस्थेनेही २०२० च्या धोरणात हीच व्याख्या स्वीकारली. माझ्या दृष्टीने यातून एक गोष्ट उघड होते: मी हे परीक्षण लिहीत असले तरी अंतिम गुण मला देता येत नाहीत. मी फक्त काय पाहिले आणि बायकांनी काय सांगितले ते नोंदवू शकते.

इकोची तपासणी बाहेरून अगदी निरुपद्रवी दिसते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. परंतु डाव्या कुशीवर वळून, वरचे कपडे काढून, अंधाऱ्या खोलीत अर्धा तास एका अनोळखी व्यक्तीच्या शेजारी पडून राहावे लागते आणि ती व्यक्ती छातीवर थंड जेल लावून यंत्राचा दांडा दाबत राहते. चौदा वर्षांच्या मुलीला हे कुठेही अवघड जाईल. त्या वस्तीत याला एकच शब्द आहे, ‘शेम’. तो इंग्रजीतून आला असला तरी त्याचा तिथला अर्थ लाज, संकोच, चारचौघांत उघडे पडल्याची भावना आणि आपल्या माणसांसमोर कमीपणा, हे सगळे एकत्र असा आहे. एकदा शेम वाटली की माणूस काही न बोलता निघून जातो आणि नोंदवहीत ‘तपासणीस गैरहजर’ असा शेरा पडतो.

या पथकाने खोलीची मांडणी बदलून शेमचा विचार केला आहे, आणि मला सर्वांत मोठे कौतुक याच गोष्टीचे आहे. बायकांची तपासणी बायकाच करतात. पुरुषांसाठी वेगळे दिवस आहेत. मुलीबरोबर आजी, मावशी किंवा बहीण खोलीत बसते आणि कोण बसणार हे मुलगी ठरवते. अंगावर सैल सुती झगा असतो, तो पुढून बांधलेला असतो आणि जेवढा भाग तपासायचा तेवढाच तो सरकवला जातो. हे सरकवण्याचे काम रुग्ण स्वतः करते. यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवलेला असतो. खाटेच्या पायथ्याशी स्थानिक आरोग्य कार्यकर्ती बसते. तिला सगळे आंटी म्हणतात, मीही म्हणू लागले. ती नोंदणीकृत ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे २०१२ पासून देशभर मान्यता असलेल्या व्यवसायातील व्यक्ती आहे, आणि त्या खोलीत ती माझी मदतनीस नसते. तपासणी केव्हा सुरू करायची आणि केव्हा थांबवायची, हे ती सांगते आणि मी ऐकते.

पहिल्या फेरीत हे मला नीट कळले नव्हते. धाप लागते का, रात्री उशी उंच घ्यावी लागते का, छातीत धडधडते का, असे प्रश्न मी एकामागून एक विचारत गेले आणि समोरची स्त्री प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत गेली. मी तो सगळा होकार लिहून घेतला. ती बाहेर गेल्यावर आंटीने मला सांगितले की यातली अर्धी लक्षणे तिला नाहीत. अधिकारपदावरच्या परक्या माणसाने भराभर प्रश्न विचारले की वाद टाळण्यासाठी, किंवा ते बोलणे लवकर संपावे म्हणून होकार द्यायचा, ही तिथली जुनी सवय आहे, आणि ती पोलीस ठाण्यात नि न्यायालयातही लोकांना महागात पडलेली आहे. त्यानंतर आंटीच त्यांच्या भाषेत लक्षणे विचारू लागली. ती प्रश्न विचारते आणि मग गप्प बसते. त्या शांततेची मला सुरुवातीला घाई व्हायची. आता ठाऊक आहे की उत्तर त्या शांततेनंतरच येते.

झडप समजावून सांगण्याची रीतही मला शिकावी लागली. मराठीत आपण ‘झडप’ म्हणतो तेव्हा उघडणारे-मिटणारे काहीतरी लगेच डोळ्यांसमोर उभे राहते. इंग्रजी शब्दाने त्या मुलींपुढे काहीच उभे राहत नव्हते. आंटी पडद्यावरच्या हलत्या पांढऱ्या रेषांवर बोट ठेवून ‘हे दार बघ’ म्हणते, रक्त कुठून येते आणि कुठे जायला हवे ते दाखवते, मग रंगीत चित्र लावायला सांगते आणि उलट्या दिशेने उसळणारा पट्टा दाखवून म्हणते की दार नीट लागत नाही, म्हणून रक्त मागे फिरते. स्वतःचे हृदय असे हलताना पाहून एक बारा वर्षांची मुलगी उठून बसली आणि आजीला बोलावून तिने ते पुन्हा दाखवायला लावले. तपासणीला त्यामुळे दहा मिनिटे जास्त लागली आणि ती दहा मिनिटे वेळापत्रकात आधीच धरलेली होती. शहरातील कोणत्याही केंद्रात मला अशी सवड मिळालेली नाही.

रांगेची यादीसुद्धा नात्यांचा विचार करून लावली जाते. सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर येऊ नये, एकमेकांशी थेट बोलू नये, हा तिथे आदराचा कडक नियम आहे. त्यांना एकाच बाकावर बसवले तर दोघांपैकी एक जण तपासणी न करता घरी जाईल. बाहेरच्या माणसाने छापलेली वर्णानुक्रमे यादी हे पाहू शकत नाही. कोणाचा मृत्यू झाला असेल तर वस्ती शोकात जाते, त्याला लोक ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात, आणि त्या दिवसांत मृत व्यक्तीचे नाव घेतले जात नाही. चौथ्या फेरीच्या वेळी असेच झाले. विमान ठरलेले होते, तरी पथकाने फेरी दोन आठवडे पुढे ढकलली आणि संस्थेने त्याचा खर्च सोसला. सुया द्यायच्या होत्या त्यांच्यासाठी मात्र परिचारिका गाडीने गेली आणि लोक ज्या घरी जमले होते त्या घरामागे, परवानगी घेऊन, एकेकाला बाजूला बोलावून तिने त्या दिल्या.

इंजेक्शनाच्या दिवसाविषयी मुली स्वतः बोलतात. त्यांच्या बोलण्यात ती ‘नीडल’ असते आणि तिचा दिवस सगळ्यांना पाठ असतो. कोणत्या बाजूला घ्यायचे, आडवे पडून की उभ्याने, दवाखान्यात की घरी, सुन्न करणारे औषध मिसळायचे का, हे मुलगी सांगते. फ्रीजमधून काढलेली सिरिंज आधी हळूहळू नेहमीच्या तापमानावर आणली जाते, कारण गार औषध जास्त दुखते. कंप आणि थंडावा देणारे एक छोटे उपकरण त्वचेवर धरले जाते. यातली कोणतीही गोष्ट महागडी नाही. एका सतरा वर्षांच्या मुलीला मी विचारले की पूर्वी ती टाळायची आणि आता का येते. बराच वेळ थांबून ती म्हणाली की इथे तिला कोणी रागावत नाही. आधीच्या एका दवाखान्यात उशीर झाल्याबद्दल तिला सगळ्यांसमोर बोलले गेले होते आणि त्यानंतर ती सात महिने फिरकली नव्हती. सात महिने म्हणजे सात-आठ इंजेक्शने, आणि त्या काळात तिला तापाचा दुसरा झटका आला. तिच्या झडपेचे आधीचे आणि नंतरचे चित्र मी स्वतः मापले आहे.

मोठ्या माणसांच्या हृदयविकाराविषयी थोडक्यात लिहिते. रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा नेहमीचा हृदयरोग या लोकांना इतर ऑस्ट्रेलियन लोकांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी गाठतो, म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंड यांची तपासणी अठराव्या वर्षापासून करावी आणि पूर्ण जोखीम तिसाव्या वर्षापासून मोजावी, असे तिथले मार्गदर्शन आहे. पथक हे काम वार्षिक आरोग्य तपासणीला जोडून करते आणि दूरच्या वस्त्यांतील दवाखान्यांत औषधे विनामूल्य मिळतात. हा भाग ठीक चालतो.

उणीव पुरुषांच्या बाजूला आहे. दोन वर्षांत पुरुष इको तंत्रज्ञ फक्त दोन फेऱ्यांना मिळाला; उरलेल्या फेऱ्यांत पुरुषांचे दिवस रक्तदाब आणि ईसीजीवर भागवले गेले. ‘पुढच्या वेळी’ असे ज्यांना सांगितले गेले, त्यांतले काही पुढच्या वेळी वस्तीत नव्हते. बायकांसाठी इतका बारीक विचार करणाऱ्या सेवेत ही कमतरता मला बोचते, आणि संस्थेलाही ती ठाऊक आहे. कर्मचारी टिकत नाहीत, ही दुसरी अडचण. निधी थोड्या थोड्या मुदतीचा येतो, परिचारिका तीन-चार महिन्यांच्या करारावर येतात आणि नाती जुळायला लागली की जातात. आंटी मात्र तिथेच असते आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवते. तिच्या पगारात या शिकवण्याची कुठेही गणना नाही.

सर्वांत मोठा दोष मात्र या सेवेचा स्वतःचा नाही. वस्तीच्या धावपट्टीवरून विमान उडाल्यावर तो सुरू होतो. नॉर्दर्न टेरिटरीत हृदयाची उघडी शस्त्रक्रिया होत नाही. झडप बदलायची तर ॲडलेड किंवा मेलबर्नला जावे लागते, आणि डार्विनहून ॲडलेड विमानानेसुद्धा अडीच हजार किलोमीटरांहून लांब आहे. ज्या स्त्रीने कधी वस्ती सोडलेली नाही, तिच्यासाठी हा प्रवास म्हणजे आपली भूमी, जिला ते ‘कंट्री’ म्हणतात, ती मागे टाकून कदाचित तिच्याबाहेर मरण्याची तयारी करणे असते. त्यात इतिहासाचे ओझे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सत्तरच्या दशकापर्यंत सरकारने मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून काढून नेली, कित्येकदा रुग्णालयांतूनच. त्याबद्दल पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. ज्या आजीच्या बहिणीला रुग्णालयातून नेले गेले, तिला ‘घाबरू नका, हे आधुनिक रुग्णालय आहे’ असे सांगून काय उपयोग?

आमच्या पथकाने पाठवलेली एक तिशीतली स्त्री शहरातल्या एका रुग्णालयातून धातूची झडप बसवून परत आली. अशा झडपेसाठी आयुष्यभर वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते, रक्त किती पातळ झाले ते वारंवार तपासावे लागते, आणि गर्भ राहिला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, म्हणून ते आधी बोलावे लागते. हे सगळे तिला तिच्या चौदा वर्षांच्या भाच्याकरवी सांगितले गेले होते, कारण त्याला इंग्रजी येत होते. गर्भारपणाविषयी त्या मुलाने मावशीला काही सांगितलेच नाही, आणि त्याने सांगू नये हेच त्यांच्या रीतीला धरून होते. नॉर्दर्न टेरिटरीत २००० सालापासून सरकारी ॲबोरिजिनल दुभाषी सेवा आहे, तिला दूरध्वनीवरूनही बोलावता येते. त्या रुग्णालयाने ती बोलावली नाही. कागदावर मात्र ‘रुग्णास समजावून सांगितले’ असे लिहिलेले होते. तो कागद माझ्या हातात होता आणि ती स्त्री माझ्यासमोर बसून विचारत होती की या गोळ्या कधी संपतील.

दुसऱ्या एका रुग्णाच्या कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःहून निघून गेला’ असा शेरा होता. आंटीने चौकशी केली तेव्हा कळले की त्याला अशा खोलीत ठेवले होते, जिथे पडद्यापलीकडे त्याच्या सासूच्या नात्यातली बाई होती. तो कोणालाही काही न सांगता निघाला, कारण ते सांगणेसुद्धा नियमाबाहेरचे होते. असे जाणे कमी व्हावे म्हणून ऑस्ट्रेलियाच्या हार्ट फाउंडेशनने २०१२ पासून रुग्णालयांसाठी ‘लाइटहाउस’ प्रकल्प चालवला; दारातच मूळ रहिवासी समन्वयक भेटणे, कुटुंबाला बसायला जागा असणे, अशा साध्या बदलांवर त्याचा भर होता. दिशा योग्य आहे. आमच्या वस्तीतून गेलेल्या रुग्णांना तसा अनुभव प्रत्येक वेळी आला नाही, एवढेच मी सांगू शकते.

ज्या गोष्टी या पथकाला जमतात, त्या जमण्याचे कारण माझ्या मते संवेदनशील माणसे हे नाही, किंवा फक्त तेवढेच नाही. संस्थेचे संचालक मंडळ समाजाने निवडलेले आहे आणि फेरी पुढे ढकलण्याचा निर्णय ते मंडळ घेते. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात मूळ रहिवाशांनी स्वतःचे पहिले वैद्यकीय केंद्र उघडले, १९७३ साली मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज या गावात ‘काँग्रेस’ नावाची मूळ रहिवाशांची संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून अशी समाजनियंत्रित केंद्रे देशभर झाली. विमानाचे आरक्षण कोण रद्द करू शकतो, या एका प्रश्नावरून ती सेवा कोणाची आहे ते ओळखता येते.

मराठी वाचकांपैकी जे परिचारिका, डॉक्टर किंवा तंत्रज्ञ म्हणून तिकडे जाण्याचा विचार करत असतील, त्यांना मी अशा समाजनियंत्रित संस्थेत काम करण्याची मनापासून शिफारस करते, परंतु तीन महिन्यांच्या करारावर जाऊ नका. पहिले तीन महिने तुम्ही फक्त घेत असता. किमान वर्षभर राहता येत असेल तरच जा, आणि गेल्यावर पहिल्या आठवड्यात यंत्राला हात लावण्याआधी आंटीबरोबर वस्तीत घरोघरी फिरून या.

शेवटच्या फेरीत बायकांची बैठक झाली आणि सेवेत काय बदलावे हे त्यांनी सांगितले. तपासणीच्या खोलीला मागच्या बाजूने दार हवे, म्हणजे मुलींना दुकानासमोरून यावे लागणार नाही. झडपेची माहिती त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित करून फोनवर मिळावी. आणि शहरात जाणाऱ्या अहवालावर सर्वांत वर लिहावे की ही बाई कोणती भाषा बोलते आणि तिच्याशी कोणी, कोणासमोर बोलायचे. दाराचे काम अजून मंजूर झालेले नाही. ध्वनिमुद्रण आंटीने सुरू केले आहे. तिसऱ्या मागणीसाठी छापील नमुन्यात रकाना नव्हता, म्हणून आम्ही समासात हाताने लिहू लागलो. त्या फेरीतल्या माझ्या एकेचाळीस अहवालांवर झडपेच्या मापांच्या आधी भाषेचे नाव आहे, आणि त्याखाली आंटीच्या अक्षरात एक ओळ: दुभाषी बोलवा, मुलांकडून सांगू नका.